न कापलेला ताव

लग्नपत्रिका छापायला टाकून जो कोणी छापखान्यात दोन घटका बसला असेल त्याने एक गोष्ट नक्की पाहिली असेल. पत्रिका एकेक करून छापत नाहीत. मोठ्या तावावर आठ-आठ, सोळा-सोळा पत्रिका शेजारी शेजारी उमटतात, शाई वाळली की सगळा गठ्ठा कटिंग मशीनखाली जातो आणि एका दणक्यात त्यांची ताटातूट होते. आपल्या हाती येते ती सुटी पत्रिका. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण होते, हे ना तिला ठाऊक, ना आपल्याला.

अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूंची जी छोटी रंगीत कार्डे गेली सव्वाशेहून अधिक वर्षे निघत आहेत, तीही अशीच छापली जातात. आपल्याकडे मुले काडेपेट्यांची चित्रे जमवत आणि बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांची अदलाबदल करत. तिकडे ही कार्डे आधी सिगारेटच्या पाकिटातून आली, मग बबलगमच्या वेष्टनातून. आता त्यांतल्या काहींची किंमत कोटींत गेली आहे. पण मला आज किमतीपेक्षा त्या तावाबद्दल बोलायचे आहे, जो कधी कापलाच गेला नाही. असा एखादा ताव कुठल्या माळ्यावर, कुठल्या गुंडाळीत सापडला, की जमवणारे आणि अभ्यासणारे दोघेही धावत का सुटतात?

खरे तर असा ताव उरायलाच नको. कंपनीला तावाचा उपयोग शून्य. तिला विकायची असतात ती सुटी कार्डे. उरतो तो चुकून: रंग जुळवताना काढलेला नमुना, यंत्रावर बिघडलेली प्रत, किंवा छापखान्यातल्या एखाद्या माणसाने पोरांसाठी घरी नेलेला कागद. म्हणजे ज्याची रद्दी व्हायची होती तोच पुढे पुरावा ठरतो. आणि तो काय सांगतो, हे एका उदाहरणाने पाहू.

बॉस्टनची गाउडी गम कंपनी. १९३३ साल, अमेरिकेतल्या महामंदीचे दिवस. एका सेंटला बबलगमची एक वडी आणि तिच्यासोबत एक कार्ड. मालिका २४० कार्डांची, प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक. पोरे गम चघळत राहिली, कार्डे जमवत राहिली आणि सगळ्यांच्याच संचात एक जागा रिकामी राहिली. १०६ क्रमांकाचे कार्ड कोणालाच मिळेना. कारण ते कंपनीने छापलेच नव्हते! काहींनी पत्रे लिहून कंपनीला जाब विचारला. तेव्हा १९३४ मध्ये कंपनीने त्या पत्रलेखकांना १०६ क्रमांकाचे कार्ड टपालाने पाठवले. त्यावर चित्र होते नॅप लाजोईचे. हा मोठा खेळाडू खरा, पण बऱ्याच वर्षांपूर्वीच मैदान सोडून गेलेला. ही कार्डे पत्राला टाचणीने जोडून पाठवली होती, म्हणून आजही त्यांतल्या कित्येकांवर त्या तारेच्या टाचणीचा वळ दिसतो.

आता तावाकडे या. १९३३ ची मालिका २४-२४ कार्डांच्या दहा तावांवर छापली होती. म्हणजे जागा २४० आणि खेळाडूंची कार्डे २३९. मग एका जागेवर काय होते? न कापलेला ताव सांगतो की बेब रूथचे १४४ क्रमांकाचे कार्ड एकाच तावावर दोनदा छापलेले आहे. बेब रूथ म्हणजे त्या काळातला तिथला सर्वांत लाडका खेळाडू. त्याची त्या मालिकेत चार वेगवेगळी कार्डे होतीच, त्यांत हे एक दुप्पट. बाजारात १४४ क्रमांक इतर तीन रूथांपेक्षा जास्त का सापडतो, याचा उलगडा तिथे होतो. आणि लाजोई? तो १९३४ च्या मालिकेतल्या शेवटच्या २४ कार्डांच्या तावावर, पंचविसावा म्हणून घातलेला सापडला. १९३३ च्या संचातले कार्ड पुढच्या वर्षीच्या खेळाडूंच्या मांडीला मांडी लावून जन्माला आले होते, हे तिथे उघड दिसते. सुटे लाजोई कार्ड भिंगाखाली कितीही न्याहाळले तरी ते आपला शेजार सांगणार नाही.

कंपनीने १०६ क्रमांक मुद्दाम गाळला, म्हणजे पोरांनी ते शोधत आणखी गम विकत घ्यावा, असे बहुतेक जमवणारे मानतात. मलाही तसेच वाटते. मंदीतल्या पोराच्या खिशातल्या एका सेंटवर डोळा ठेवणारे व्यापारी सगळीकडेच असतात.

दुसरे उदाहरण आणखी गमतीचे, कारण त्यात फक्त वजाबाकी लागते. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली ४०७ कार्डांची मालिका काढली. शेवटचा हप्ता ३११ ते ४०७. मोजा, ९७ कार्डे होतात. पण ताव होता शंभराचा, दहा आडव्या ओळी आणि दहा उभ्या. तीन घरे रिकामी ठेवून कागद कोण वाया घालवील? म्हणून पहिली तीन कार्डे दोनदा छापली: मिकी मँटल, जॅकी रॉबिन्सन, बॉबी थॉमसन. दोन्ही छापांच्या पाठीवरच्या चेंडूची शिवण बारकाईने पाहिली तर वेगळी दिसते, त्यावरून दुहेरी छपाई ओळखता येते. हा हप्ता बाजारात उशिरा आला, खपला नाही आणि उरलेल्या खोक्यांचे ढीग १९६० मध्ये कंपनीने होडीत घालून अटलांटिक समुद्रात बुडवले, असे त्या मालिकेचा कर्ता साय बर्जर पुढे सांगत असे. यातले मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. आता गंमत बघा. ज्या कार्डाला त्या वेळी जगात सर्वांत जास्त किंमत आली ते आपल्याच तावावर सर्वांत दुर्मीळ नव्हते. शेजारच्या अनामिक खेळाडूंची कार्डे त्याच्या निम्म्याने छापली गेली होती. लोक दुर्मीळतेला पैसे मोजतात असे आपण म्हणतो. ते पैसे नावाला मोजतात, हे तो ताव सांगतो.

पण जिथे ताव सापडलाच नाही तिथे काय करायचे? इथे गोष्ट गंभीर होते.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून एक मालिका दिली. तिला आज टी-२०६ म्हणतात. ५२४ कार्डे, पाठीवर तंबाखूच्या सोळा वेगवेगळ्या छापांच्या जाहिराती. छपाई शिळाप्रेसची, म्हणजे लिथोग्राफीची. ही पद्धत आपल्याला परकी नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवरच. पुण्याची चित्रशाळा आणि राजा रविवर्म्याचा छापखाना यांनी देवादिकांची चित्रे घरोघर पोचवली तीही याच विद्येवर. उर्दू किताबांची तर ती कित्येक पिढ्यांची सवय. कातिबाने बोरूने लिहायचे, तो मजकूर दगडावर उतरवायचा, आणि एका तावावर पाने अशी मांडायची की घडी घातल्यावर ती ओळीने यावीत. त्यामुळे घडी न घातलेल्या फर्म्यावर पान एकच्या शेजारी पान सोळा दिसते, आणि वाचणारा गोंधळतो. दगड मोठा, त्याची मेहनत मोठी, म्हणून एका वेळी जितके बसेल तितके बसवायचे, हा हिशोब न्यूयॉर्कमध्ये आणि मुंबईत एकच होता.

टी-२०६ मधले सर्वांत गाजलेले कार्ड पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचे. त्याने आपले चित्र सिगारेटबरोबर देऊ नये म्हणून नकार कळवला आणि कार्ड मागे घेतले गेले. १९१२ साली छापून आलेली हकीकत अशी की परवानगी मिळवून देण्यासाठी एका क्रीडापत्रकाराला दहा डॉलर मिळणार होते. वॅग्नरने नकाराच्या पत्रासोबत त्याला स्वतःच दहा डॉलरचा चेक पाठवला, की तुमचे नुकसान नको. पोरांनी कार्डासाठी तंबाखू घेऊ नये अशी त्याची इच्छा होती असे म्हणतात. तो स्वतः तंबाखू चघळत असे, त्यामुळे काहीजण म्हणतात की प्रश्न तत्त्वाचा नव्हता, मोबदल्याचा होता. मला या दोन्हींत फारसा विरोध वाटत नाही. स्वतः विडी ओढणारा बाप पोराच्या हातात विडी दिसली की कानशिलात मारतोच. ते असो. वॅग्नरची ज्ञात कार्डे साठच्या आतच आहेत.

आणि या मालिकेचा एकही अखंड ताव आजवर समोर आलेला नाही. आहे ती एक पट्टी. पाच कार्डांची, न कापलेली, त्यांत खुद्द वॅग्नर, शिवाय साय यंग आणि मॉर्डेकाय ब्राउन यांच्यासारखे खेळाडू. ती वॅग्नरच्याच घरात, त्याच्या जुन्या पँटच्या खिशात सापडली असे सांगतात. घड्या पडलेली, मळलेली. बहुधा पसंतीसाठी दाखवलेला नमुना. वॅग्नरच्या शेजारी कोण बसले होते हे सांगणारा तेवढाच साक्षीदार.

मग अभ्यासकांनी दुसरी वाट काढली, आणि ती मला फार आवडते. त्यांनी चुकांकडे पाहायला सुरुवात केली. या कार्डांवर नाव खालच्या कडेला असते. कापताना पाते सरकले तर वरच्या कार्डाचे नाव खालच्या कार्डाच्या डोक्यावर येते. अशी दोन नावांची कार्डे जमवली की वर कोण होते ते कळते. शिवाय पाठीची जाहिरात छापणाऱ्या पत्र्यावर ओरखडे पडलेले असत. ओरखडा एका कार्डावर सुरू होतो आणि दुसऱ्यावर पुढे जातो. शंभर वर्षांपूर्वी वेगळी होऊन देशभर पांगलेली कार्डे, वेगवेगळ्या लोकांच्या कपाटांतली, छायाचित्रांवरून जुळवायची आणि ती रेघ सलग झाली की म्हणायचे, हे दोघे शेजारी होते. असे करत करत तावाचे मोठे तुकडे कागदावर पुन्हा उभे राहिले आहेत. पूर्ण ताव किती कार्डांचा होता यावर मात्र अजून वाद आहे. फाळणीत ताटातूट झालेल्या कुटुंबांनी अंगावरच्या एखाद्या खुणेवरून नातेवाईक ओळखल्याच्या हकिकती आपण ऐकलेल्या आहेत. या कामाबद्दल वाचताना मला त्यांची आठवण झाली.

आता त्याच मालिकेतली दुसरी गोष्ट, कात्रीची.

वॅग्नरचे एक कार्ड असे होते की त्याच्या कडा धारदार, कोपरे टोकदार, रंग कालच छापल्यासारखा. सिगारेटच्या पाकिटात राहिलेले कार्ड असे असूच शकत नाही, असे जाणकार कुजबुजत. १९८५ मध्ये बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने ते पंचवीस हजार डॉलरला घेतले. दोन वर्षांनी एक लाख दहा हजारांना विकले. १९९१ मध्ये आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्स्की याने भागीदाराबरोबर ते ४ लाख ५१ हजारांना लिलावात घेतले, म्हणून त्याला ग्रेट्स्कीचे कार्ड म्हणू लागले. त्याच वर्षी कार्डांना दर्जाचे प्रमाणपत्र देणारी एक नवी कंपनी निघाली होती. तिने पहिला क्रमांक देऊन याच कार्डाला गौरवले, दहापैकी आठ. २००० साली ते साडेबारा लाख डॉलरच्या वर गेले, २००७ मध्ये दोनदा विकले गेले आणि २८ लाखांवर पोचले.

२०१३ मध्ये मास्ट्रोने न्यायालयात गुन्हा कबूल केला. खटला मुख्यतः त्याच्या लिलावांतल्या खोट्या बोलींचा होता. पण त्या कबुलीत हेही आले की वॅग्नरच्या त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या आणि ही गोष्ट लपवली होती. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. प्रमाणपत्र देताना हजर असलेल्या एकाने तर आधीच सांगून टाकले होते की ते कार्ड तावातून कापलेले आहे, हे ठाऊक असूनही दर्जा दिला गेला. हे खरे असेल तर त्या कात्रीखाली नुसती एक कडा गेली नाही. टी-२०६ चा जो तुकडा अभ्यासकांना कुठेच मिळत नाही, तसा एक तुकडा माणसाच्या हाती आला होता, आणि त्याने त्यातून एक नग काढून घेतला. त्या कार्डाच्या भोवती काय होते याची नोंद कुठेच नाही.

हा सौदा समजायला अवघड नाही. अखंड ताव विकायला कठीण. तो काचेच्या डबीत मावत नाही, त्याला दर्जाचा आकडा मिळत नाही, तो ठेवायला भिंत लागते. त्यातले एक प्रसिद्ध कार्ड कापले तर गिऱ्हाईक दारात उभे. शेजारचे तेवीस किंवा नव्व्याण्णव गेले तरी चालतील. ज्याच्याकडे ताव आहे त्याला रोज सकाळी हा मोह होत असणार.

कार्डांची ही कथा ऐकून जे क्षुल्लक म्हणतील त्यांना मी पुस्तकांच्या जगातली एक गोष्ट सांगतो. इराणच्या शाह तहमास्पसाठी सोळाव्या शतकात तब्रीझमध्ये फिर्दौसीच्या शाहनाम्याची एक प्रत तयार झाली. २५८ चित्रे, पिढीतल्या सर्वोत्तम चितारांनी काढलेली. चारशे वर्षे ती अखंड राहिली. १९५९ मध्ये ती आर्थर हॉटन या अमेरिकन धनिकाने विकत घेतली, आणि पुढे तिची पाने सुटी झाली. १९७० साली ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली, मग १९७६ पासून एकेक पान लिलावात. हॉटनच्या मृत्यूनंतर १९९४ मध्ये उरलेली चित्रे आणि पाने एका आधुनिक चित्राच्या बदल्यात इराणला परत गेली. आज प्रत्येक सुटे पान देखणे आहे, महाग आहे, काचेत आहे. पण पान उलटल्यावर पुढे काय येते, हे त्या पानाला सांगता येत नाही. कविता लिहिणाऱ्याला याचा त्रास थोडा जास्त होतो. सुटा शेर उचलून लोक दाद देतात, आणि गझल कुठे गेली ते कोणी विचारत नाही.

त्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बेसबॉल कार्डांचा फार मोठा संग्रह आहे, आणि तो ज्याने केला तो हॉटनच्या अगदी दुसऱ्या टोकाचा माणूस. जेफरसन बर्डिक. जन्म १९००. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये विजेचे सामान बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. लग्न नाही, पैसा नाही, आणि संधिवाताने हळूहळू वाकडी होत गेलेली बोटे. बेसबॉलचे त्याला विशेष वेड नव्हते म्हणतात. त्याला वेड होते छापील कागदाचे. कार्डे, जाहिरातींची चित्रे, वेष्टने, शुभेच्छापत्रे. लोक ज्याला कचरा म्हणत ते तीन लाखांवर नग त्याने गोळा केले. त्यांत बेसबॉलची तीस हजारांच्या वर. १९३९ मध्ये त्याने त्यांची सूची छापली, पुढे प्रत्येक मालिकेला अक्षर आणि आकडा दिला. टी म्हणजे टोबॅको. टी-२०६ हे नाव त्याचेच. आज कोट्यवधींचे सौदे ज्या नावाने होतात ते नाव एका कारखान्यातल्या कामगाराने, सवड काढून, सोयीसाठी ठेवलेले आहे.

नोंद म्हणजे काय ते बर्डिककडून शिकावे. उद्या कुणाच्या माळ्यावर असा ताव निघाला, मग तो कार्डांचा असो, काडेपेटीच्या छापांचा असो की जुन्या सिनेमाच्या पत्रकांचा, तर पहिले काम त्याची किंमत विचारण्याचे नाही. ताव सपाट ठेवावा, घड्यांवर जोर देऊ नये, प्लॅस्टिकमध्ये चिकटवून तर मुळीच घेऊ नये. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, लांबी-रुंदी मोजावी, ओळीत किती नग आणि ओळी किती ते लिहावे, प्रत्येकाच्या चारही बाजूंचा शेजारी लिहून ठेवावा. समासातल्या रंगांच्या चौकटी आणि जुळणीच्या फुल्या कापू नयेत, छपाईची सगळी हकीकत तिथेच असते. आणि तो कुणाच्या घरातून, कसा आला, हे त्या घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे.

बर्डिकने १९४७ पासून आपला संग्रह मेट्रोपॉलिटनला द्यायला सुरुवात केली. तिथले अधिकारी हायट मेयर यांनी अट घातली की हे सगळे लावून, वह्यांत चिकटवून द्यावे लागेल. तो तयार झाला. पुढे नोकरी सोडून न्यूयॉर्कला राहायला आला आणि संग्रहालयातल्या एका टेबलाशी बसून, दुखऱ्या हातांनी, कार्डामागून कार्ड लावत राहिला. १९६३ च्या जानेवारीत काम पुरे झाले. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला आणि मार्चमध्ये गेला.

त्याने पुष्कळ कार्डे खळ लावून वहीच्या पानांना चिकटवली. त्या काळी सगळे तसेच करत. समोरचा चेहरा दिसला की झाले, पाठीला काय महत्त्व? आता टी-२०६ चा ताव जुळवणाऱ्यांना नेमकी पाठच हवी आहे, ओरखड्याची ती रेघ हवी आहे, आणि अशा कार्डांची पाठ वहीच्या पानाला घट्ट चिकटलेली आहे.